वाढत्या अंगाचे हातमोजे

श्रोतेहो, नमस्कार.

गोवा सरकारने २०१२ साली फुटबॉलला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. पण भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात दोन दगडांचा गोल मांडून खेळणारी मुले आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. अशा खेळात गोलमध्ये उभा राहणारा मुलगा बहुधा उघड्या हातांनीच चेंडू अडवतो. तोच मुलगा शाळेच्या किंवा गावच्या क्लबच्या संघात गेला की त्याला हातमोजे, लांब बाह्यांची जर्सी आणि पॅडिंगची पँट लागते, आणि पेडणे किंवा सत्तरीतल्या आईवडिलांना ती म्हापशाच्या दुकानात जाण्याऐवजी मोबाइलवरून मागवणे सोयीचे वाटते. गोलरक्षकाचा हा पोशाख ऑनलाइन घेताना माप कसे ठरवावे, याविषयी आज बोलणार आहे.

सुरुवात स्वतःच्या फजितीपासून करतो. माझा भाचा ८ वर्षांचा असताना मी त्याच्यासाठी ८ क्रमांकाचे हातमोजे मागवले. लहान मुलांच्या कपड्यांवर वयाचा आकडा असतो, तसाच हाही असेल, अशी माझी समजूत होती. वास्तविक हातमोज्यांच्या क्रमांकाचा वयाशी काहीच संबंध नसतो आणि ८ क्रमांक हे मोठ्या माणसाच्या हाताचे माप आहे. मोजे आले तेव्हा घरातल्या सर्वांनी ‘वाढत्या अंगाचे आहेत, दोन वर्षे पुरतील’ असे म्हणून समाधान मानले. पहिल्याच सामन्यात त्याने डावीकडे झेप घेऊन चेंडूला हात लावला, तेव्हा चेंडू आणि मोजा असे दोघेही गोलमध्ये गेले.

वाढत्या अंगाचे घेण्याची ही आपली सवय शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, कारण गणवेशाची पँट खाली दुमडून शिवता येते. हातमोज्याची बोटे दुमडता येत नाहीत. मोजा फार मोठा असला तर बोटांची रिकामी टोके चेंडू लागताच मागे वळतात आणि पकड सुटते. फार लहान असला तर बोटांची टोके आतून दाबत राहतात आणि तळव्याचे लेटेक्स, म्हणजे पकडीसाठीचा रबरी थर, तिथेच लवकर फाटते.

म्हणून शिंप्याची टेप घ्यावी. ज्या हाताने मुलगा लिहितो तो हात सरळ ठेवून बोटे जुळवावीत आणि अंगठा सोडून, बोटे जिथे तळव्याला मिळतात त्या उंचवट्यांवरून, टेप सैलही नाही आणि आवळूनही नाही अशी फिरवावी. समजा हा घेर १९ सेंटिमीटर आला, तर तो साधारण साडेसात इंच होतो. बऱ्याच कंपन्यांच्या हिशोबात त्यात एक इंच मिळवतात, म्हणजे साडेआठ क्रमांक मिळतो. मग मधल्या बोटाच्या टोकापासून तळव्याच्या शेवटापर्यंतची लांबीही मोजावी. काही मुलांची बोटे लांब आणि पंजा अरुंद असतो. अशा वेळी दोन मापांत जे मोठे येईल ते धरावे. हा ढोबळ हिशोब झाला. ज्या कंपनीचा माल घ्यायचा, तिचाच तक्ता शेवटी प्रमाण मानावा, कारण एका कंपनीचा ८ आणि दुसरीचा ८ यांत फरक पडू शकतो. मोजा घातल्यावर बोटाच्या टोकापुढे अर्धा ते एक सेंटिमीटर जागा उरावी, त्याहून जास्त नको.

एक गोष्ट तक्त्यात सापडत नाही, ती म्हणजे शिवणीची पद्धत. निगेटिव्ह कट म्हणतात त्या मोज्याची शिवण आतल्या बाजूला असते, त्यामुळे तो हाताला घट्ट बसतो. फ्लॅट कटचा मोजा सैलसर असतो. माप दोन क्रमांकांच्या मध्ये अडकले, तर निगेटिव्ह कटमध्ये वरचा क्रमांक घ्यावा, असे माझे मत आहे.

जर्सीच्या बाबतीत गोंधळ वेगळाच असतो. तक्त्यातला छातीचा आकडा काही ठिकाणी अंगाचा असतो आणि काही ठिकाणी कपडा सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजलेला असतो. सपाट माप ५० सेंटिमीटर असेल तर घेर १०० होतो, हे ध्यानात न घेतल्यामुळे चांगले शिकलेले लोकही चुकतात. घरी नीट बसणारी एखादी जर्सी जमिनीवर पसरून मोजावी आणि त्या आकड्याशी ताडून पाहावे; एम किंवा एल या अक्षरांवर मी तरी भरवसा ठेवत नाही. गोलरक्षकाचे हात सतत डोक्यावर जातात, त्यामुळे हात वर केल्यावरही जर्सी पँटमधून बाहेर येऊ नये आणि कोपराचे पॅडिंग कोपरावरच राहावे. बाही इतकीही लांब नको की मोज्याच्या पट्ट्याखाली तिची घडी अडकेल. नियमानुसार गोलरक्षकाचा रंग इतर खेळाडूंपासून आणि पंचांपासून वेगळा हवा, म्हणून माप ठरवतानाच आपल्या संघाच्या जर्सीचा रंगही पाहून ठेवावा.

पँटला कमरेपेक्षा नितंबांचे माप महत्त्वाचे. आपल्या तांबड्या मातीच्या कडक मैदानावर झेप घेतली की पहिला मार कमरेखालच्या हाडावर बसतो. सैल पँटचे पॅडिंग पुढे मांडीवर सरकते आणि नेमकी तीच जागा उघडी पडते. शिनगार्ड मात्र उंचीप्रमाणे मिळतात, त्यांचा फार विचार करावा लागत नाही. घोट्याच्या वरून गुडघ्याच्या थोडे खालपर्यंत नडगी झाकली म्हणजे झाले.

गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक देशाला दिला, ज्यांना १९९७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या उमेदीच्या काळी मोबाइलवरून माल मागवून परत पाठवण्याची सोय नव्हती. आज ती आहे, पण तिच्या अटी असतात, आणि मातीला लागलेले मोजे सहसा कोणी परत घेत नाही. पार्सल आल्यावर टॅग तोडू नये, तळव्यावर पातळ प्लास्टिक असेल तर ते काढू नये. हात धुऊन, कोरडे करून मोजे, जर्सी आणि पँट एकदमच घालावी आणि घरातली गादी जमिनीवर टाकून मुलाला एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे झेपावायला सांगावे. माझ्या भाच्याला पुढे ५ क्रमांकाचे मोजे बसले. ते आले तेव्हा त्याने ही गादीची परीक्षा अकरा वेळा दिली आणि बहिणीने गादीचा अभ्रा मला धुवायला लावला.