68,113 रुपये वाचवणारा कंत्राटदार

मंडळी, जोतीराव फुले आणि त्यांच्या मागे उभे राहिलेले मुंबईचे तेलुगू कंत्राटदार यांच्यावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत. पण आधी एक सांगा. घराचं काम काढलं आणि एस्टिमेटपेक्षा कमी पैशांत उरकलं, असं इथे कुणाचं झालंय? हात वर करा. एकही नाही! मागच्या काकूंनी तर कपाळालाच हात लावलाय.

आता मुंबई महापालिकेच्या मुख्यालयातल्या पाटीवर काय कोरलंय ते ऐका. काम सुरू 25 एप्रिल 1889, पूर्ण 31 जुलै 1893. मंजूर खर्च 11,88,082 रुपये. प्रत्यक्षात लागले 11,19,969. शिल्लक 68,113! आराखडा स्टीव्हन्ससाहेबांचा, समोरचं बोरीबंदर स्टेशनही त्यांचंच. देखरेख रावसाहेब सीताराम खंडेराव यांची. आणि कंत्राटदार व्यंकू बाळाजी कालेवार.

मागे एकदा जुन्या इमारती दाखवणाऱ्या एका फेरीत मी तिथे गेलो होतो. माहिती देणारा तरुण हुशार होता. घुमट, कमानी, स्टीव्हन्स यांच्यावर अर्धा तास छान बोलला. मी विचारलं, "आणि कालेवार?" म्हणाला, "ते कंत्राटदार होते ना, काका." पुढे चालू लागला. मला ते फार लागलं. माझे वडील गवंडी. भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा सोडला की एक डोळा मिटून श्वास रोखायचे. दोरी स्थिर होईपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. चिरा ओळंब्यात बसवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही, हे मी लहानपणापासून बघतोय.

कालेवार तेलुगू. निजामाच्या मुलखातून पोट भरायला आलेल्या कामाठ्यांनी या शहराचे दगड वाहिले. कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. त्याच तेलुगू समाजातून मोठे कंत्राटदार उभे राहिले.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, आणि ज्यासाठी बोलावलंत ते राहिलंच. थोडक्यात सांगतो. हीच मंडळी जोतीराव फुल्यांच्या मागे उभी राहिली: कालेवार, जाया कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या अय्यावारू. अय्यावारू आणि त्यांच्या मित्रांनी सत्यशोधक समाजाला 1200 रुपयांचा छापखाना दिला. का दिला? माझं म्हणणं असं, की त्यांचा पैसा वतनाचा नव्हता, पूजेत मिळालेल्या दक्षिणेचाही नव्हता. तो रोज मोजून घेतलेल्या कामाचा होता, म्हणून कुणाची भीड नव्हती. परमुलखात आलेल्या माणसाला चार माणसं जोडावीच लागतात. मजूर जमवणाऱ्याला सभा जमवणं जड नाही. आणि जोतीराव स्वतः कंत्राटं घेत. बिल कसं अडतं, कोण अडवतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

11 मे 1888 ला मांडवी कोळीवाड्यात जोतीरावांना 'महात्मा' म्हटलं गेलं. वर्षभरात कालेवारांनी महापालिकेच्या इमारतीचं काम सुरू केलं. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले, तेव्हा इमारत अर्धवट उभी होती.

पाटी अजून तिथेच आहे. मोठ्याने वाचा, कालेवारांच्या नावासकट.