विषाच्या बाटलीवरचे 'गिफ्ट'

जुन्या जर्मन औषधालयातील ही तपकिरी काचेची बाटली पाहा. तिच्यावर कवटी आहे, कवटीखाली फुलीसारखी दोन हाडे आहेत आणि त्याखाली ठळक अक्षरांत एकच शब्द आहे : 'गिफ्ट'. वाढदिवसाला रंगीत कागदात गुंडाळून आपण जे देतो त्याचेच हे नाव. परंतु जर्मन भाषेत त्याचा अर्थ होतो विष. स्वीडनमध्ये याच अक्षरांचा उच्चार 'यिफ्त' असा होतो. तेथे त्यांचा अर्थ विष तर आहेच, शिवाय अर्जात वैवाहिक स्थितीपुढे हा शब्द लिहिला, तर अर्जदार विवाहित आहे असे समजले जाते.

या साऱ्या अर्थांचे मूळ 'देणे' या एकाच क्रियेत आहे. इंग्रजीतील 'गिव्ह' आणि जर्मनमधील 'गेबेन' ही क्रियापदे ज्या प्राचीन धातूपासून आली, त्याच धातूपासून 'गिफ्ट' घडला. त्यातून विवाहाचा अर्थ कसा निघाला, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही, कारण 'मुलगी कोणत्या गावी दिली?' असे आपण आजही सहज विचारतो. प्राचीन इंग्रजीतही हा शब्द वधूमूल्यासाठी होता आणि त्याचे अनेकवचन म्हणजे लग्न. 'भेटवस्तू' हा आजचा अर्थ तेथे उत्तरेकडून आलेल्या लोकांच्या नॉर्स भाषेच्या प्रभावाने रुळला, असे मानले जाते.

विषाची वाट मात्र वैद्यकातून जाते. एका वेळी द्यायच्या औषधाच्या मात्रेला ग्रीक वैद्य 'दोसिस', म्हणजे 'देणे', म्हणत. तो शब्द लॅटिनमध्ये गेला आणि जर्मन भाषकांनी त्याचे शब्दशः भाषांतर केले : 'गिफ्ट'. पुढे विषाचे नाव उघड घेणे टाळण्यासाठी हाच सौम्य शब्द वापरात आला. आपल्याकडेही 'त्याला कुणी काहीतरी दिलं असावं' एवढेच दबक्या आवाजात म्हटले, तरी ऐकणाऱ्याला सारे कळते. हळूहळू जर्मनमध्ये झाकण्यासाठी घेतलेला शब्दच उघड नाव होऊन बसला. देणगी या अर्थाचा स्त्रीलिंगी 'गिफ्ट' मागे पडला, विषाचा नपुंसकलिंगी 'गिफ्ट' उरला, आणि जुना अर्थ 'मिटगिफ्ट', म्हणजे हुंडा, या शब्दात तेवढा टिकून राहिला. डच भाषेने हा गोंधळ एका अक्षराने सोडवला : तेथे 'खिफ्त' म्हणजे देणगी आणि 'खिफ' म्हणजे विष. तरीही 'विषारी' म्हणताना डच माणूस 'खिफ्तिख' असेच म्हणतो. गळालेला 'त' तेथे अजून ऐकू येतो.

फ्रेंचमध्ये विषाला 'प्वाझों' म्हणतात, आणि तोही मुळात विषाचा शब्द नव्हे, तर लॅटिनमधील 'पेय' या साध्या अर्थाचा 'पोतिओ' आहे.

मराठी 'देणे' आणि 'गिफ्ट' यांचे धातू मात्र वेगळे आहेत. आपले नाते जुळते ते त्या ग्रीक 'दोसिस'शी : डॉक्टर लिहून देतात तो 'डोस' त्याचाच वंशज, आणि ज्या मूळ धातूपासून तो आला त्याच धातूचे संस्कृत रूप 'दा' आपल्या 'दान' आणि 'देणे' या शब्दांत आहे.