आठाचा आकडा आणि उसाची ट्रॉली

नमस्कार श्रोतेहो. शिकाऊ लायसन मिळून तीस दिवस झाले की पक्क्याची चाचणी देता येते, आणि शिकाऊ चालतं सहाच महिने, हे घरोघरी माहीत आहे. मी आज एकच सांगायला आलेय. चाचणी ज्या मैदानावर, सराव त्याच मैदानावर. घरासमोरच्या डांबरावर काढलेला आठ वेगळा आणि मुरमावरचा वेगळा. मुरमावर चाक जरा सरकतं, आपण दचकून पाय टेकतो, आणि पाय टेकला की झालं!

आमच्या आत्याचं ऐका. वय बावन्न, नवीकोरी स्कूटर. आमच्या तालुक्याला आरटीओचा कॅम्प महिन्यातून एकदा, विश्रामगृहामागच्या मैदानावर. मागच्या कॅम्पची फक्की अजून पुसट दिसत होती. आठवडाभर रोज सकाळी सहाला आत्या पुढे, मामा मागून चालत. हेल्मेट, एल बोर्ड, सगळं रीतसर. फक्त आरसे नव्हते. ते मामांनी काढून माळ्यावर ठेवलेले, म्हणे गाडी शोभत नाही! मला या आरसे काढणाऱ्यांचं काही कळत नाही. लग्नात फेट्यासाठी अर्धा तास आरशापुढे उभे राहतील, आणि मागून एसटी येतेय ते बघायला आरसा नको. असो. आत्याने ते परत बसवून घेतले.

तर पहिले दोन दिवस आठ काही जमेना. आत्या सारखी पुढच्या चाकाकडे बघायची. आणि दुचाकीचं असं असतं, नजर जिथे, गाडी तिथे. पुन्हा सांगते, नजर जिथे, गाडी तिथे. मैदानाच्या कडेला उसाची एक रिकामी ट्रॉली उभी होती. मामा म्हणाले, "वळताना त्या ट्रॉलीकडे बघ." मान वर झाली आणि आठ सुटला! मग काय, रोज दहा-दहा आठ, पाय वर, ट्रॉलीकडे नजर.

कॅम्पचा दिवस उजाडला. त्याच आठवड्यात कारखान्याचा हंगाम सुरू झालेला. ट्रॉली गेली उसाला! आत्याने पहिलं वळण घेतलं, मान वर केली, समोर मोकळं आभाळ. नजर गेली खाली चाकावर, गाडी डुलली, आणि दोन्ही पाय मुरमात. साहेब एवढंच म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी."

नियमाने सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा नापास झालात तर मात्र साठ दिवस थांबा. पण कॅम्पच महिन्याने, त्यामुळे आत्याला महिनाभर सराव मिळाला, त्याच मैदानावर. हो, त्याच मैदानावर. तुम्ही जाल तेव्हा चाचणीच्या वेळेत मध्ये घुसू नका, आणि मैदान सरकारी असेल तर आधी विचारा.

पुढच्या कॅम्पला आत्याने आठ असा काढला की रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी कागदावर सही केली आणि मैदानाच्या कडेला बघितलं. भर उन्हात, काळी छत्री उघडून, एक गृहस्थ तासभर जागचे हलले नव्हते.

"तुम्ही कोण?" साहेबांनी हाक मारून विचारलं.

मामा म्हणाले, "मी ट्रॉली."