हद्द सगळ्यात शेवटी येते

(मुलुंड येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपण बसलोय तो टी वॉर्ड. मुंबई महापालिकेच्या वॉर्डांची अक्षरं नुसती ओळीने वाचली तरी शहर कसं वाढलं ते कळतं. कुलाब्याला ए. तिथून निघालं की जुनं बेट संपेपर्यंत, म्हणजे माहीम-सायनपर्यंत, अक्षरं जीपर्यंत येतात. खाडी ओलांडली की वांद्र्याला एच, कुर्ल्याला एल, दहिसरला आर आणि सगळ्यात शेवटी आपण, टी. आपण मुंबईत उशिरा आलो. किंवा मुंबई आपल्याकडे उशिरा आली, असं म्हणा.

तारखा थोडक्यात सांगतो. महापालिकेचा मूळ कायदा 1888 चा. त्यातलं शहर म्हणजे फक्त बेट, जेमतेम सदुसष्ट-अडुसष्ट चौरस किलोमीटर. साष्टी, म्हणजे त्याच्या उत्तरेचं मोठं बेट, ठाणे जिल्ह्यात होती. 1920 मध्ये तिच्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला. 1950 मध्ये हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपच्या आसपास आली. 1957 मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली. वांद्रे, कुर्ला यांच्या स्वतःच्या नगरपालिका होत्या, त्या विरून गेल्या. आजचं क्षेत्र 437 चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे मूळ बेटाच्या साडेसहा पट. त्यातला बराचसा भाग या दोन घासांत आला.

पण माझा मुद्दा तारखांचा नाही. हद्द येण्याच्या कितीतरी आधी शहर तिथे पोचलेलं असतं. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. दोन्ही साष्टीत, तेव्हाच्या शहराबाहेर. मुंबईकर जवळजवळ नव्वद वर्षं दुसऱ्याच्या मुलखातलं पाणी पीत होते. शहराचा कत्तलखाना वांद्र्याला होता, तोही हद्दीबाहेर. कुर्ल्याहून चेंबूरला रेल्वे गेली ती माणसांसाठी नव्हे, कचऱ्यासाठी. प्रवासी गाड्या पुढे 1924 मध्ये सुरू झाल्या. देवनारला कचरा टाकायला सुरुवात झाली 1927 मध्ये. शहराला हवं ते आधी बाहेरून आत आलं, नको ते आधी आतून बाहेर गेलं, आणि मग दोन-तीन पिढ्यांनी त्या गावांना कळवण्यात आलं की तुम्ही आता मुंबईकर. पुण्याचंही तेच. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी पुण्याचा कचरा आधी सोसला आणि महापालिकेत ती गेली 2017 मध्ये. तिथे मन रमलं नाही म्हणून परत बाहेरही पडली.

मग मुंबईची हद्द 1957 नंतर का थांबली? वसई-ठाण्याची खाडी आडवी आली, असं सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही. मीरा रोड आणि भाईंदर खाडीच्या अलीकडे आहेत, साष्टी बेटावरच आहेत, तरी मुंबईत नाहीत. मनोरी-गोराई मुंबईत आणि त्यांना लागून असलेलं उत्तन मीरा-भाईंदरमध्ये. त्या किनाऱ्यावरून चालत जाणाऱ्याला कळणारही नाही की आपण एक महापालिका सोडून दुसरीत आलो. मला वाटतं, खरं कारण असं आहे की मुंबईला जमीन ताब्यात घेण्याची गरजच उरली नाही. तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं शहापूर-वाड्याकडे, मुंबईपासून शंभरएक किलोमीटरवर. तिथल्या पाण्यासाठी शहापूर तालुका महापालिकेत घ्यावा लागत नाही. घेतला असता तर शहापूरच्या पाड्यांना नळ द्यावे लागले असते. आज तिथे उन्हाळ्यात टँकर फिरतात.

हद्दीचा फायदा शहराला हवा होता तो कराचा. जकात होती तोवर दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगांत हद्द डोळ्यांना दिसायची. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली. टोल नाका मात्र राहिला. आपल्या हरिओम नगरचे लोक मुलुंडचेच, मत मुलुंडला, मालमत्ता कर मुंबईला, पण घर टोल नाक्याच्या पलीकडे. ऑक्टोबर 2024 मध्ये हलक्या गाड्यांचा टोल माफ होईपर्यंत, स्वतःच्या शहरात यायला पैसे मोजणारी अशी माणसं इतरत्र फारशी सापडली नसती.

आता कायद्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. मुंबईची हद्द दोन्ही वेळा विधिमंडळाने कायदा करून वाढवली, म्हणजे निदान आमदारांसमोर चर्चा झाली. बाकीच्या महापालिकांना 1949 चा कायदा लागू आहे. त्यात राज्य सरकार महापालिकेशी विचारविनिमय करतं, आधी प्रारूप अधिसूचना काढतं, हरकती-सूचना मागवतं आणि मग अंतिम अधिसूचना काढतं. गावात मतदान होत नाही. ग्रामसभेने ठराव केला तर तो एक हरकत म्हणून फाईलला लागतो. सातबारा ज्याच्या नावावर आहे, त्याचं मतही त्या गठ्ठ्यातला एक कागद.

याचं काय होतं ते कल्याणच्या 27 गावांना विचारा. 1983 मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा ही गावं आत. 2002 मध्ये बाहेर. 2015 मध्ये पुन्हा आत. 2020 मध्ये त्यातली 18 वेगळ्या नगरपरिषदेसाठी पुन्हा बाहेर. डिसेंबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, कारण महापालिकेशी कायद्याला हवा तसा विचारविनिमय झाला नव्हता. म्हणजे पुन्हा आत. मधल्या काळात ग्रामपंचायतीच्या परवानगीवर इमारती उभ्या राहिल्या. महापालिका आली की नियोजन प्राधिकरण बदलतं, आणि तीच परवानगी दाखवली की तिथला अधिकारी नकाराची मान हलवतो. फ्लॅट घेणाऱ्याने कर्ज काढलेलं असतं. ग्रामपंचायतीची घरपट्टी जाऊन मालमत्ता कर येतो, जिल्हा परिषदेची शाळा महापालिकेकडे जाते, विकास आराखड्यात कुणाच्या शेतावर बागेचं आरक्षण पडतं. पूर्वी गावाला एक सरपंच होता, संध्याकाळी पारावर सापडायचा. आता चार गावांत मिळून एक नगरसेवक.

पण गावकरी नेहमी विरोधातच असतात असंही समजू नका. वसईत 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि 53 गावं मिळून महापालिका झाली, तेव्हा गावं रस्त्यावर उतरली. सरकारने 2011 मध्ये 29 गावं वगळायचं ठरवलं आणि प्रकरण कोर्टात अडकलं. याच्या अगदी उलट शिळफाट्याजवळची 14 गावं. ती नवी मुंबई महापालिकेत होती, कराला कंटाळून 2007 मध्ये बाहेर पडली. बाहेर पडल्यावर पाणी येईना, रस्ते होईनात, अनधिकृत बांधकामं मात्र वाढली, तेव्हा तीच गावं परत घ्या म्हणू लागली. आता नवी मुंबईतून विरोध झाला. यांचा खर्च आम्ही का सोसायचा, हा प्रश्न. मला दोन्ही बाजू पटतात. कर नको आणि नळ हवा, हे माणसाला शोभतं; चांगल्या जमिनी घ्याव्यात आणि खर्चाची गावं टाळावीत, हे महापालिकांनाही शोभतं.

या 14 गावांची अधिसूचना 2024 मध्ये निघाली. नवी मुंबईच्या सभागृहाची मुदत 2020 मध्येच संपली होती, निवडणूक झालेली नव्हती, कारभार प्रशासकाकडे होता. कायद्याप्रमाणे सरकारने विचारायचं होतं महापालिकेला, आणि महापालिका म्हणजे त्या वेळी सरकारनेच नेमलेला अधिकारी.