साच्याचं साल

(नागपुरात स्केल मॉडेलच्या छंदाविषयी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

इथे टेबलावर एका विमानाचं किट, म्हणजे सुटे भाग जोडून छोटं मॉडेल करायचं खोकं, उघडून ठेवलं आहे. कार्यक्रम संपला की जवळ या, हातात घ्या, बघा. कंपनीचं नाव मी कागद चिकटवून झाकलंय, कारण मला एका कंपनीची कागाळी करायची नाही. खोक्यावरचं चित्र सुरेख आहे. आत राखाडी प्लास्टिकच्या फ्रेम आहेत. पंखाच्या कडेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा सुटलाय, चाकाच्या मधोमध खळगा पडलाय आणि विमानाच्या धडाचे दोन अर्धे एकमेकांवर ठेवले तर शेपटीकडे नखभर अंतर राहतं. आठवीतल्या एका मुलाने ओवाळणीचे पैसे साठवून हे घेतलं. माझ्याकडे आणून म्हणाला, "काका, हे तर बसूनच नाही राहिलं. मला नाही जमत वाटते."

"मला नाही जमत" हे ऐकून मी अस्वस्थ झालो. दोष पोलादाच्या साच्यात, आणि पोट्टं स्वतःला नावं ठेवतं. असा मुलगा पुन्हा दुसरं किट घेत नाही. म्हणून आज मी किटमधले दोष कुठून येतात ते सांगणार आहे, आणि शेवटी एक मागणी करणार आहे.

माझी नोकरी हिंगणा एमआयडीसीत, टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवण्याच्या विभागात झाली. बाटल्यांची झाकणं, स्विचबोर्ड, पंख्याचे भाग, यांच्या डाय, म्हणजे पोलादाचे साचे, केल्या. मॉडेल किट त्याच जातीच्या यंत्रावर तयार होतं. पॉलिस्टायरीनचे दाणे २०० अंशांच्या वर तापवायचे, वितळलेला माल दाबाने बंद डायमध्ये भरायचा, थंड होऊ द्यायचं, डाय उघडायची, पिनांनी ढकलून भाग बाहेर काढायचा. ज्या फ्रेमला भाग लटकलेले असतात ते रनर, आणि भाग रनरला जिथे जोडलेला असतो ती बारीक मान म्हणजे गेट. हे समजलं की किटवरचा प्रत्येक डाग वाचता येतो.

तो पापुद्रा म्हणजे फ्लॅश. डायचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथली कड झिजली, किंवा मशीनची पकड कमी पडली, की माल फटीत शिरतो. फ्लॅश ब्लेडने खरवडून निघतो, त्याचं दुःख नाही. दोन अर्धे नीट समोरासमोर येत नसतील तर मात्र गोल नळीवर पायरी येते. तोफेची नळी, विमानाच्या चाकाचा दांडा, यांच्यावर ती पायरी घासत बसलं की गोल भाग चपटा होतो. खळगा पडतो त्याला सिंक म्हणतात. जिथे प्लास्टिक जाड असतं तिथे आतला भाग उशिरा थंड होतो, आकसतो आणि वरचा पृष्ठभाग आत ओढून घेतो. माल भरल्यावर दाब आणखी काही सेकंद धरून ठेवला तर सिंक बरंच कमी होतं. पण तेवढेच सेकंद प्रत्येक शॉटमागे, म्हणजे डाय एकदा भरून रिकामी करण्यामागे, जास्त जातात. दिवसाला किती शॉट निघाले यावर कारखान्याचा हिशेब चालतो, त्यामुळे ते सेकंद वाचवले जातात. वाकडे पंखही बहुधा याच घाईचे: भाग पुरता थंड व्हायच्या आत बाहेर ढकललेला असतो.

पिनांचे गोल ठसे मात्र टळत नाहीत. पिनांशिवाय भाग डायमधून सुटणार कसा? पण पिन कुठे द्यायची हे डाय आखणाऱ्याच्या हातात असतं. चांगला माणूस ती पंखाच्या आतल्या बाजूला देतो, जोडल्यावर झाकली जाईल अशी. कॉकपिटच्या आतल्या भिंतीवर, नेमक्या नजरेत भरणाऱ्या जागी ठसा दिसला की मला डाय करणाऱ्याचा राग येतो. तिथे मशीनचा काही दोष नसतो. आखणाऱ्याने तो भाग जोडल्यावर कसा दिसेल याचा विचारच केलेला नसतो.

आता मुख्य गोष्ट. जुन्या किटांवर पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा उंचवट्याच्या असतात, नव्यांवर कोरलेल्या. असं का? डायमध्ये रेघ कोरली की प्लास्टिकवर ती उठून येते. पूर्वी ते काम सोपं होतं: मोठ्या आकाराचा नमुना करायचा आणि पॅन्टोग्राफने त्याचा आकार लहान करत पोलादात उतरवायचा. प्लास्टिकवर कोरलेली रेघ हवी असेल तर डायमध्ये केसाएवढी धार उभी ठेवून भोवतालचं सगळं पोलाद काढावं लागतं. आज संगणकावर आखणी आणि स्पार्क इरोजनची, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी पोलाद कोरणारी, यंत्रं आल्यामुळे ते जमतं. तिथेही तारतम्य लागतं. १:७२ या प्रमाणात, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं असताना, किटवरची पाव मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर १८ मिलिमीटरची होते. पत्र्यांच्या सांध्यात एवढी फट ठेवून कुठलं विमान उडेल? म्हणजे नवं किट असलं तरी ते चांगलं असेलच असं नाही.

पोलादाची डाय नीट सांभाळली तर कित्येक दशकं चालते, आणि निराशेचं मूळ इथेच आहे. एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीचं १:७२ चं डाकोटा विमान घ्या. पहिलं साधारण १९६० चं. २०१४ साली त्याच कंपनीने त्याच प्रमाणात, अगदी नव्या साच्यांतून, दुसरं डाकोटा काढलं. विमान एक, प्रमाण एक, नाव एक, आणि दोन साच्यांमध्ये अर्ध्या शतकाचं अंतर. दुकानात खोकं बघणाऱ्या मुलाला हे कसं कळावं? साचे या कंपनीकडून त्या कंपनीकडेही जातात. इंग्लंडच्या फ्रॉग कंपनीचे साचे १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात गेले आणि तिथून नोव्हो या नावाने तीच विमानं निघत राहिली. चित्र नवं, खोकं नवं, डेकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) नवे, आत आजोबांच्या काळची डाय.

डाकोटाचंच उदाहरण मी नागपुरात का देतो, ते इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांनी निघालेली विमानं मध्यरात्री इथल्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेच्या आत परतायची. ती डाकोटा विमानं होती. ज्या गावाच्या धावपट्टीवर हे रोज रात्री घडलं, त्या गावच्या मुलाच्या हातातलं डाकोटा नीट असावं असं मला फार वाटतं. १:७२ मध्ये त्याच्या पंखांचा विस्तार, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ४० सेंटिमीटरचा होतो. कपाटावर ठेवलं तर खोलीत येणाऱ्या प्रत्येकाची नजर जाईल एवढा. पंखाच्या मुळाशी फट राहिली तर तीही तितकीच दिसते.

नॅट या छोट्या जेट विमानाचंही असंच. वायुसेनानगरची मंडळी इथे आली आहेत, त्यांना माहीत आहे की आपल्या हवाई दलाचं नॅट एक आसनी होतं. १९६५ मध्ये पाकिस्तानच्या सेबर विमानांशी लढलं ते, १९७१ मध्ये श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों यांनी उडवलं ते. त्याच्या पंखांचा विस्तार जेमतेम पावणेसात मीटर. बाजारात जे नॅट सहज मिळतं ते ब्रिटिशांचं दोन आसनी प्रशिक्षण विमान, रेड ॲरोज या त्यांच्या हवाई कसरतींच्या पथकाच्या लाल रंगातलं. त्याच्या पंखांचा विस्तार सात मीटरच्या पुढे, धडही लांब. त्यावर आपलं केशरी-पांढरं-हिरवं चक्र चिकटवलं म्हणून ते सेखोंचं विमान होत नाही. ही चूक प्लास्टिकच्या दर्जाची नाही, पण ज्याला ते विमान प्रिय आहे त्याला ती फ्लॅशपेक्षा जास्त टोचते.

मोठ्या कंपन्या काळजी घेऊ शकतात याचे दाखले आहेत. जपानच्या तामियाने १९७० च्या दशकात पोर्शे ९३४ या शर्यतीच्या गाडीचं मॉडेल करायला घेतलं तेव्हा ती गाडी जिच्यावरून बनली ती खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती खोलून मापं काढली. चेक कंपनी एडुआर्डने २०१४ मध्ये १:४८ चं मेसरश्मिट १०९ जी हे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान काढलं. ते प्रमाणापेक्षा मोठं निघालं. जाणकारांनी दाखवून दिल्यावर कंपनीने नवे साचे केले आणि २०१६ मध्ये ते विमान पुन्हा आणलं. डाय नव्याने करण्याचा खर्च काय असतो हे मला ठाऊक आहे. त्यामुळे या गोष्टीबद्दल मला त्या लोकांविषयी मनापासून आदर आहे.

आपल्याकडे निराशा महागही पडते. सीमाशुल्काच्या यादीत स्केल मॉडेल खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी वाढावीत हा हेतू मला मान्य आहे. पण परदेशात खाऊच्या पैशात मिळणारं किट इथल्या मुलाला वाढदिवसाची वाट बघायला लावतं. ते एकच किट खराब निघालं तर त्याच्याकडे दुसरं नसतं.

काही अडचणी आपल्या हवेच्या असतात, त्या मात्र किटच्या माथी मारू नका. मे महिन्यात दुपारी ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या, म्हणजे रंग फवारायच्या पेनच्या, टोकाशीच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. प्लास्टिक जोडायचं पातळ सिमेंट सांध्यात शिरायच्या आत उडून जातं. नागपूरच्या उन्हाळ्यात ही कामं पहाटे करावीत. त्याच उन्हाचा एक उपयोगही आहे: जुन्या किटमधले पिवळे पडलेले डेकल पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो.

तर मागणी अशी. प्रत्येक खोक्यावर साचा कोणत्या साली झाला ते छापलेलं असावं. औषधाच्या पाकिटावर तारीख असते, पुस्तकावर आवृत्तीचं साल असतं, मग यावर का नसावं? जुना साचा विकणं हा गुन्हा नाही. मला स्वतःला जुनी किटं आवडतात. ज्याने पोलादात हाताने ते आकार उतरवले त्याचं कसब त्यात दिसतं, आणि फटी भरून, रेघा घासून नव्याने कोरण्यात हात तयार होतो. एअरफिक्सने आपल्या जुन्या साच्यांसाठी 'व्हिंटेज क्लासिक्स' अशी वेगळी मालिका केली आहे, म्हणजे घेणाऱ्याला निदान कळतं की आत काय आहे. सगळ्यांनी तेवढं केलं तरी आठवीतला मुलगा आणि तीस वर्षं मॉडेल करणारा माणूस आपापलं खोकं निवडू शकतील.

कंपन्या छापतील तेव्हा छापतील. तोवर सीताबर्डी, धरमपेठेतल्या दुकानदारांना माझी विनंती आहे की खोक्यावर किमतीच्या शेजारी पेन्सिलीने साल लिहा. स्केलमेट्स नावाच्या संकेतस्थळावर किटचा नंबर टाकला की साचा कधीचा, तो आधी कुठल्या खोक्यात आला होता, हे बहुतेक वेळा मिळतं. आणि पालकांनो, मुलाचं पहिलं किट घेताना खोक्यावरच्या चित्राकडे बघू नका. दुकानदाराला खोकं उघडायला सांगा. धडाचे दोन अर्धे फ्रेमवरच शेजारी धरून बघा, कडा सरळ आहेत का, पंख वाकलाय का. काचेच्या जागी बसणारे पारदर्शक भाग वेगळ्या पिशवीत आहेत का तेही बघा. दुकानदार उघडू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

आता हे किट मागच्या रांगेपर्यंत फिरवतो. ज्यांना सिंक आणि पिनचा ठसा यांतला फरक बोटाने जाणून घ्यायचाय त्यांनी चाकाच्या मधोमध हात लावून बघा, आणि मग पंख उलटा करा.