पोत्यातलं लेझीम

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती बसायच्या आधीचे दिवस आपल्या सोलापुरात कसे असतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. रात्री जेवणं उरकली की कुठून तरी हलगी कानावर येते. पाणीवेस असो, पत्रा तालीम असो, नाहीतर विणकरांचा, तेलुगू बोलणारा आमचा पूर्व भाग असो. लेझमाचे हात सुरू: चार आवाज, आठ आवाज, मग बैठकीचा हात. दिवसभर मागावर उभा असलेला माणूस तास-दीड तास घामाघूम होतो आणि वर म्हणतो, आज मजा आली. त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. 'सरावाला चाललोय' म्हणतात.

मग विसर्जन होतं. दुसऱ्या दिवशी लेझमा पोत्यात, पोतं मंडळाच्या माळ्यावर. पुढं संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा येते, तेव्हा नंदीध्वजाचा सराव. सात मानाच्या काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, अडुसष्ट लिंगांची वाट. ती काठी पेलायला कंबर, खांदे, मनगट सगळं घट्ट लागतं. गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, उठला की तेही थांबतं. मला आज बोलायचंय ते माळ्यावरच्या त्या पोत्याबद्दल.

२०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्याच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातली ४९.४ टक्के प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नव्हती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७. पुरेशी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल करावी, मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं. मध्यम कसं ओळखायचं? चालताना बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की समजायचं. घड्याळ नको, यंत्र नको.

मी शाळेत पीटी शिकवायचो. निवृत्त झाल्यावर आम्ही चार मित्रांनी ठरवलं, लोकांना खेळायला लावायचं. बॅनर केला, रविवारी सकाळी सहाला पार्क स्टेडियमवर या म्हणून सांगितलं. अकराजण आले. अकराही असे, की जे रोज तिथं फिरायला येतातच! ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यातलं एकही माणूस नाही. आम्ही आपापसात म्हणालो, लोकांना आरोग्याची किंमतच नाही. सोपं असतं असं म्हणणं.

नंतर एका विडी वळणाऱ्या अक्कांशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "सर, सहाला मी पार्कात येऊ, तर पान कोण कापणार? डबे कोण करणार?" खरंच आहे की ओ. आदल्या दिवशी भिजवलेलं पान, मांडीवर सूप, मान खाली, पाठीला बाक, हजार विड्या पुऱ्या करायच्या. त्यात आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी घागरी, टाक्या, पिंपं यापलीकडं जगात काही नसतं. आणि पूर्व भागातून पार्क चौकात जायचं-यायचं रिक्षाभाडं कोण देणार?

मग आम्ही उलटं केलं. त्यांनाच विचारलं, कधी आणि कुठं? उत्तर असं आलं: संध्याकाळी सातला, आमच्याच बोळात, पाणी यायचा दिवस सोडून. आणखी एक अट होती, ती मला पीटीच्या कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती. खेळायची जागा अशी पाहिजे, की तिथून आपलं दार दिसलं पाहिजे. गॅसवर दूध असतं, पाळण्यात पोर असतं. दार दिसतंय म्हटल्यावर बाई अर्धा तास निवांत खेळते. हे कळायला मला साठी ओलांडावी लागली.

पहिल्या दिवशी बायका उंबऱ्यातच उभ्या. मी शिट्टी घेऊन गेलो होतो, ती चूकच. शिट्टी ऐकली की माणसाला शाळा आठवते, आणि शाळेत ज्यांना कधी संघात घेतलं नाही, ते लगेच मागं सरकतात. शिट्टी खिशात घातली. दोन पोरींनी लंगडी घातली, एक सून उतरली, मग तिची सासू. हसून हसून पुरेवाट. मोजणी तेलुगूत: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. नवरात्रात बतुकम्मा या फुलांच्या सणाला टाळ्या वाजवत फेर धरणाऱ्या बायका या, त्यांना ताल मी काय शिकवणार? आठव्या दिवशी पोतं माळ्यावरून खाली आलं.

मैदान नाही, ही तक्रार खोटी नाही. खो-खोचं पुरं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. आमचा बोळ त्याच्या पाव भागाएवढाही नाही. खांबांऐवजी दोन खुर्च्या ठेवल्या, आठाऐवजी पाच बसवले, फक्कीनं रेषा मारल्या. जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, आणि प्रियांका इंगळे, प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार आपले मराठी. ते सांगितल्यावर पोरी खुर्चीला वळसा घालताना जरा जास्तच वाकायला लागल्या.

आता यंत्रमागावरच्या अण्णांचं. एकजण मला म्हणाला, "बारा तास उभं राहून पाय तुटतात, वर आणि व्यायाम करू?" त्याला द्यायला माझ्यापाशी झटकन उत्तर नव्हतं. कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत, हे मला माहीत आहे. मागावर तीच ती हालचाल, तोच कोंदटपणा, विसावा नाही. खेळात अंग सगळीकडून सुटतं. पण दमलेल्या माणसाला व्याख्यान कशाला? मी त्याच्या हातात हलगी दिली, म्हटलं बसून वाजव. दोन आठवडे बसून वाजवली. मग एकदा दुसऱ्याच्या हातात दिली आणि स्वतः रांगेत उभा राहिला.

थोडं कामाचं बोलतो. ज्यांना रक्तदाब, साखर, गुडघ्याचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा दिवस मावळल्याशिवाय खेळूच नये. जवळ शाळेचं पटांगण असेल तर मुख्याध्यापकांना चारचौघांनी मिळून भेटा. एकट्यानं गेलं की अर्ज टेबलावरच राहतो. तालीम, व्यायामशाळा, क्रीडांगण यांच्यासाठी शासनाचं अनुदान असतं, त्याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. मात्र अनुदानाची वाट बघत खेळ थांबवू नका. लंगडीला अनुदान लागत नाही.

आणि मंडळाच्या पोरांनो, तुम्हाला एक मागणं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माळ्याला कुलूप लावू नका. किल्ली बोळातल्या एखाद्या अक्काकडं द्या. लेझीम मोडलं तर मोडलं, अशोक चौकापर्यंत जाऊन दुरुस्त करून आणता येतं.

आमच्याकडं उद्या पाणी आहे. त्यामुळं आता खेळ परवा, सातला. नमस्कार.