'कंट्री सोडून काहीही' म्हणणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी!

"मी सगळं ऐकतो, फक्त कंट्री सोडून." कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यांतून आलेलं तिथलं लोकप्रिय संगीत. अमेरिकेत हे वाक्य इतकं रुळलंय की ते म्हणताना कुणाला विचारही करावा लागत नाही. तिकडच्या सिनेमा-मालिकांमधून ते आता आपल्याकडेही आलंय. आयुष्यात चार कंट्री गाणी धड न ऐकलेला माणूससुद्धा ठामपणे सांगतो: काऊबॉय टोपी, ट्रक, बिअर, बायको सोडून गेली, संपलं.

मला कंट्री मनापासून आवडतं. आणि ही नावड पुष्कळदा कानातून येतच नाही, ती आधीच कुणीतरी ठरवून दिलेली असते, असं माझं म्हणणं आहे. ते कुणी आणि कसं ठरवलं, ते आज बघू.

1996 साली बेथनी ब्रायसन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एक अभ्यास छापला. अमेरिकेतल्या 1993 च्या एका मोठ्या सर्वेक्षणात लोकांना संगीतातल्या आवडी-नावडी विचारल्या होत्या. शिक्षण वाढतं तसं लोक जास्त प्रकारचं संगीत चालवून घेतात, असं त्यात दिसलं. म्हणजे नावडीची यादी छोटी होते. पण त्या छोट्या यादीत उरतं काय? रॅप, हेवी मेटल, गॉस्पेल (म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं) आणि कंट्री. ऐकायला या चौघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. साम्य एकच, यांचे श्रोते सरासरीने कमी शिकलेले. म्हणजे नाक मुरडलं जातं ते गाण्याकडे बघून की ते ऐकणाऱ्याकडे बघून, हा प्रश्न रास्त आहे.

[स्क्रीनवर: 1920 च्या दशकातल्या रेकॉर्ड कंपनीच्या कॅटलॉगचं पान]

आता शंभर वर्षं मागे जाऊ. जून 1923 मध्ये ओके रेकॉर्ड्स या कंपनीसाठी राल्फ पीअर नावाचा माणूस दक्षिणेतल्या अटलांटाला गेला आणि फिडलिन जॉन कार्सन या व्हायोलिनवाल्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. रेकॉर्ड खपली. कंपन्यांच्या लक्षात आलं की दक्षिणेत गिऱ्हाईक आहे. मग त्यांनी माल दोन कप्प्यांत विकायला काढला. काळ्या गिऱ्हाइकांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्या खेडूत गिऱ्हाइकांसाठी 'हिलबिली' (म्हणजे डोंगराळ भागातला गावंढळ) किंवा 'ओल्ड टाइम'. संगीत एकाच मातीतलं, गावंही बरीचशी तीच. कपाटं मात्र दोन.

वाजवणाऱ्यांनी ही कपाटं कधीच मानली नाहीत. बॅन्जो हे वाद्य मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी अमेरिकेत घडवलं, भोपळ्यावर कातडं ताणून. कंट्रीचं पहिलं मोठं घराणं म्हणजे कार्टर कुटुंब. त्यातले ए. पी. कार्टर डोंगरातल्या वस्त्यांत गाणी गोळा करत हिंडायचे, तेव्हा त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक असायचा. चाली लक्षात ठेवायचं काम त्याचं. पुढे कंट्रीचा मोठा गायक झालेल्या हँक विल्यम्सला लहानपणी अलाबामात शिकवलं रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या काळ्या माणसाने. आणि जिमी रॉजर्स, ज्याला कंट्रीचा जनक म्हणतात, त्याने जुलै 1930 मध्ये लॉस एंजेलिसला एक गाणं गायलं, त्यात ट्रम्पेट वाजवलाय लुई आर्मस्ट्राँगने. होय, जॅझवाला आर्मस्ट्राँगच! पियानोवर त्याची बायको लिल. रेकॉर्डवर दोघांचीही नावं छापली नाहीत.

तर 'कंट्री म्हणजे गोऱ्यांचं' हा शिक्का आधी विक्री खात्याने मारला आणि मग रेडिओने तो पक्का केला. डीफर्ड बेलीचं उदाहरण घ्या. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरात डब्ल्यूएसएम या रेडिओ स्टेशनवर शनिवारी रात्री जो कार्यक्रम लागायचा, त्याचं 1927 मध्ये 'ग्रँड ओल्ड ऑप्री' असं बारसं झालं. त्या रात्री कार्यक्रमाची सुरुवात बेलीच्या माउथ ऑर्गनने झाली होती. आगगाडी धावतेय असा भास व्हायचा त्यात. हा काळा माणूस त्या कार्यक्रमाच्या पहिल्या लोकप्रिय कलाकारांपैकी एक. दौऱ्यावर त्याला गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळायची नाही. 1941 मध्ये त्याला कार्यक्रमातून काढलं आणि पुढची कितीतरी वर्षं त्याने नॅशव्हिलमध्येच बुटांना पॉलिश करण्याचं दुकान चालवलं. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली 2005 साली, तो गेल्यानंतर तेवीस वर्षांनी. हे वाचलं की मला अजून संताप येतो.

1960 च्या दशकात चार्ली प्राइड आला. मिसिसिपीतल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला मुलगा. त्याची सुरुवातीची गाणी कंपनीने रेडिओ स्टेशनांना पाठवली, पण नेहमीसारखा फोटो सोबत जोडला नाही. लोकांनी नुसता आवाज ऐकला आणि तो त्यांना आवडला. 1971 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षातला सर्वोत्तम कलाकार म्हणून निवडलं.

[स्क्रीनवर: पेडल स्टील गिटारचा क्लोज-अप]

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो. 'कंट्री सगळं सारखंच वाजतं' म्हणणाऱ्यांनी जरा या वाद्याकडे बघावं. हे पेडल स्टील. दिसायला टेबल, पायांवर उभं. वर बहुधा दहा तारा. डाव्या हातात लोखंडी दांडी, ती तारांवरून नुसती सरकवायची, दाबायची नाही. उजव्या हातात नख्या. डावा पाऊल पेडलवर, उजवा आवाजाच्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांजवळ खाली लोंबणाऱ्या कळा. म्हणजे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही गुडघे एकाच वेळी कामात. पेडल दाबलं की एखाद-दुसरी तार वर चढते आणि बाकीच्या आहेत तिथेच राहतात. एक सूर थांबलेला आणि त्याच्या शेजारून दुसरा सूर मींडेने वर सरकतोय, त्यातून तो हुंदक्यासारखा आवाज निघतो. 1954 च्या सुमाराला बड आयझॅक्सने तो एका हिट गाण्यात वाजवला आणि सगळे स्टीलवाले आपापल्या वाद्यांना पेडल जोडायला धावले.

आणि हे वाद्य आपल्याला परकं नाहीच. त्याचं मूळ हवाईत आहे. तारांवर धातू सरकवायची ही पद्धत जोसेफ केकुकू याच्या नावावर सांगितली जाते, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. तिथून एक वाट अमेरिकेच्या दक्षिणेत गेली आणि दुसरी कलकत्ता, मुंबईकडे आली. टाऊ मोए हे हवाईचे वादक 1940 च्या दशकात कलकत्त्यात राहिले, तिथे त्यांनी ही हवाईयन गिटार शिकवली. मुंबईत व्हॅन शिप्लींनी तीच गिटार हिंदी सिनेमात आणली. रेडिओवर हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी लागायची, आठवतंय? आणि ब्रिजभूषण काबरांनी त्याच गिटारवर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची 1967 ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही प्रसिद्ध रेकॉर्ड घरी असेल तर पुन्हा लावा. नॅशव्हिलची स्टील आणि काबरांची गिटार चुलत बहिणी आहेत. मींडेवर पोसलेल्या आपल्या कानाला कंट्री खरं तर चटकन कळायला हवं.

बरं, ट्रक-बिअरचं काय? तशी गाणी आहेत, ढिगाने आहेत. 2010 नंतर काही वर्षं रेडिओवर जवळपास तीच होती आणि त्यातली बरीच मलाही ऐकवत नाहीत. पण ती तिथे पोचली कशी हेही बघायला हवं. 1996 मध्ये अमेरिकेत नवा दूरसंचार कायदा आला. एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं घ्यायची यावरची मर्यादा उठली. काही वर्षांत क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे 1200 हून जास्त स्टेशनं आली. कुठल्या गावात काय वाजणार, हे लांबच्या एका ऑफिसात ठरू लागलं. 2003 मध्ये डिक्सी चिक्स या बायकांच्या कंट्री बँडच्या गायिकेने लंडनच्या मंचावर इराक युद्धाच्या तोंडावर अध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध एक वाक्य उच्चारलं. क्युम्युलस या दुसऱ्या मोठ्या कंपनीने आपल्या सगळ्या कंट्री स्टेशनांवरून त्यांची गाणी बंद केली. 2015 मध्ये एका रेडिओ सल्लागाराने उघड सांगितलं की बायकांची गाणी कमी ठेवा, लागोपाठ तर लावूच नका. सॅलडमध्ये पुरुष म्हणजे पाला आणि बायका म्हणजे टोमॅटो, असा त्याचा दाखला.

मग तुम्ही म्हणणार, कंट्री पुरुषी आणि जुनाट आहे. अहो, जे ऐकवलं त्यावरून बोलताय तुम्ही! केंटकीच्या खाणकामगाराची मुलगी लोरेटा लिन. पंधराव्या वर्षी लग्न, पुढे सहा मुलं. तिने 1975 मध्ये गर्भनिरोधक गोळीवर गाणं काढलं. त्यात बायको नवऱ्याला ठणकावून सांगते की दर वर्षी पाळणा हलवायचे दिवस संपले. कित्येक स्टेशनांनी ते लावायचं नाकारलं, तरी ते गाजलं. लोरेटाने पुढे सांगितलं होतं की खेड्यांतले डॉक्टर तिला म्हणायचे, सरकारी पत्रकांनी जमलं नाही ते तुझ्या गाण्याने केलं. ज्या संगीताला मागासलेलं म्हणतात, त्यात पन्नास वर्षांपूर्वी ही बाई हे गात होती.

आणखी एक गोष्ट मला खटकते. "कंट्री नाही आवडत, पण जॉनी कॅश चालतो." कॅश हा कंट्री गायक थोरच आहे, वाद नाही. पण तुम्हाला तो चालतो, कारण 1994 नंतर रॅप आणि रॉकच्या एका नामवंत निर्मात्याने त्याला काळ्या-पांढऱ्या मुखपृष्ठासह नव्याने पेश केलं आणि रॉकच्या समीक्षकांनी परवानगी दिली. ही परवानगी बाकीच्या कंट्री गायकांना, डॉन विल्यम्सला मिळाली नाही, जॉर्ज स्ट्रेटला मिळाली नाही. दोघांचा आवाज ऐका, कसलाही आव नाही, शब्द नि शब्द स्वच्छ. मला ते दोघे आवडतात आणि त्यासाठी कुणाच्या शिफारशीची गरज वाटत नाही. ऐकून नाही आवडले तर नाही आवडले, तो तुमचा हक्क पूर्ण आहे. मला भांडायचंय ते न ऐकता दिलेल्या निकालाशी.

ऐकायची सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर मी रे चार्ल्सचं नाव घेईन. फ्लोरिडातला काळा, आंधळा मुलगा. शनिवारी रात्री रेडिओवर ऑप्री ऐकायचा. तरुणपणी एका गोऱ्या हिलबिली बँडमध्ये पियानोही वाजवला. 1962 मध्ये, सोल या काळ्या अमेरिकनांच्या संगीताचा गायक म्हणून ऐन भरात असताना, त्याने ठरवलं की आता कंट्रीची गाणी गायची. कंपनीतल्या लोकांना धाकधूक होती, आहेत ते श्रोतेही जातील म्हणून. तो हटला नाही. तो अल्बम बिलबोर्ड या मासिकाच्या खपाच्या यादीत 14 आठवडे पहिल्या नंबरवर होता. नाव आहे 'मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक'. आज रात्री हेडफोन लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, आणि कुठल्या गाण्यापाशी थांबलात ते खाली लिहून कळवा.